‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’: ग्रंथकाराचा स्वर व त्याचीं प्रतीकें

एखाद्या ग्रंथाविषयीं प्रश्न विचारला कीं विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हटकून येतें: ‘लेखकाची भाषा साधी, सोपी व ओघवती असून शैली चित्तवेधक आहे.’ हें वाक्य कोणत्याहि पुस्तकास लावतां येतें, आणि म्हणूनच तें कोणत्याहि पुस्तकाविषयीं कांहीं सांगत नाहीं. शैली म्हणजे काय, प्रतीक म्हणजे काय, ग्रंथकाराचा स्वतःचा स्वर म्हणतात तो कोठें ऐकूं येतो, हें व्याख्या पाठ करून समजत नाहीं. एखादें पुस्तक उघडून त्यांत बोट ठेवून दाखवावें लागतें. या लेखांत आम्ही एकच पुस्तक उघडणार आहों. तें चार्ल्स डिकन्सचें ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ होय. त्यांतील दुःख आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांत, कोणी बोलून न दाखवतां, वावरत असतें, म्हणून हेंच पुस्तक आम्हीं निवडलें.

ही कादंबरी डिकन्सनें आपल्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकांत 1 डिसेंबर 1860 पासून 3 ऑगस्ट 1861 पर्यंत क्रमशः छापली. कथानक थोडक्यांत असें. इंग्लंडच्या केंट परगण्यांत, टेम्स नदीच्या मुखाकडील खाजणांत, पिप नांवाचा पोरका मुलगा आपल्या थोरल्या बहिणीच्या घरीं वाढतो. बहिणीचा नवरा जो गार्जरी हा गांवचा लोहार. एके दिवशीं स्मशानभूमींत पायांत बेडी असलेला एक पळालेला कैदी पिपला गांठतो, आणि भीतीपोटीं पिप त्याला घरांतील खाणें व जोची कानस चोरून नेऊन देतो. पुढें मिस हॅविशॅम या श्रीमंत विक्षिप्त बाईच्या वाड्यांत त्यास एस्टेला ही गर्विष्ठ मुलगी भेटते. कांहीं वर्षांनीं कोणा अज्ञात दात्याच्या पैशानें पिप लंडनांत ‘सभ्य गृहस्थ’ होण्यास जातो. तो दाता बाई नसून तोच कैदी, मॅग्विच, होता, हें त्यास फार उशिरां कळतें.

आतां पहिली गोष्ट स्वराची. ही सर्व कथा पिप स्वतःच ‘मी’ म्हणून सांगतो. पण सांगणारा पिप प्रौढ झालेला आहे, आणि ज्याची गोष्ट सांगावयाची तो पिप लहान आहे. एकाच वाक्यांत हे दोघे बोलत असतात. आरंभींच लहान पिप आईबापांच्या थडग्यापाशीं उभा आहे. त्यानें त्यांस कधीं पाहिलें नाहीं. म्हणून दगडावर कोरलेल्या अक्षरांच्या वळणावरून बाप कसा दिसत असेल, आई कशी असेल, याचा तो अंदाज बांधतो. मूल हें अगदीं गंभीरपणें करीत असतें; सांगणारा प्रौढ मात्र गालांतल्या गालांत हसतो, आणि वाचकाच्या घशांत कांहींतरी दाटून येतें. हसूं आणि गहिंवर यांचा हा एकत्र प्रवाह म्हणजेच या पुस्तकाची शैली.

ती कशी साधली हेंहि पाहण्याजोगें आहे. लहान मुलाच्या क्षुल्लक अपराधासाठीं डिकन्स न्यायालयांतील जड शब्द वापरतो. पिप चोरलेली कचोरी घेऊन पहांटेच्या धुक्यांतून पळतो तेव्हां कुंपणें, फाटकें, गुरें सारींच त्याला चोर म्हणून हांक मारतात. गळ्याशीं पांढरा पट्टा असलेला एक काळा बैल तर त्यास साक्षात् धर्मोपदेशकासारखा भासतो! (आमच्या शाळेंतील वाचकांस हा बैल विशेष आवडेल अशी आशा आहे.) पण याच लेखणीची वाक्यें चौदाव्या प्रकरणाच्या आरंभीं, घराची लाज वाटण्याविषयीं बोलतांना, एकाएकीं आंखूड व निरलंकार होतात. थट्टा थांबते. जेथें लेखक अलंकार काढून ठेवतो तें स्थळ विद्यार्थ्यांनीं खूण करून ठेवावें. बहुधा तेथेंच त्यास मुख्य गोष्ट सांगावयाची असते.

ही लाज कोठून आली? वाड्यांत पत्ते खेळतांना पिप गुलामाला ‘जॅक’ म्हणतो. इंग्रजींत तो शब्द खालच्या थरांतला मानीत. वरच्या थरांतले लोक ‘नेव्ह’ म्हणत. एस्टेला त्या एका शब्दावरून हसते, मग त्याच्या खरखरीत हातांस व जाड बुटांस हसते. त्या दिवसापर्यंत पिपला आपले हात वाईट आहेत हें ठाऊक नव्हतें. वाड्याच्या आवारांत एकटा असतांना तो मनांत म्हणतो कीं जोला चांगलें वळण असतें तर मलाहि असतें. ज्या माणसानें त्याच्यावर सर्वांत अधिक माया केली त्याच्यावर पहिला दोष येऊन पडतो, आणि प्रौढ पिप हें लपवीत नाहीं.

सर्व पुस्तकांत आम्हांस सत्ताविसावें प्रकरण श्रेष्ठ वाटतें. जो लंडनास पिपला भेटावयास येतो. पैसे देऊन त्याचें येणें टाळतां आलें असतें तर आपण ते दिले असते, अशी स्पष्ट कबुली पिप देतो. जोने नवे, अंगास न बसणारे कपडे घातले आहेत. टोपी कोठें ठेवावी हें त्यास कळत नाहीं. तो ती शेकोटीवरील फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो, ती पडते, तो ती झेलतो, ती पुन्हां पडते. हें सारें डिकन्स इतकें विनोदी करतो कीं आपण हसतों, आणि हसतांना आपण पिपच्या बाजूस जाऊन बसलों आहों हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. मग जो उठतो आणि साध्या भाषेंत सांगतो कीं या कपड्यांत मी चुकीचा आहें, माझ्या भट्टीपाशीं ये, हातांत हातोडा घेतलेला मला पहा, म्हणजे तुला माझ्यांत इतकें उणें दिसणार नाहीं. तेव्हां आपलें हसूं आपल्यावरच उलटतें. शैलीचा उपयोग कशाकरितां असतो हें याहून चांगलें आम्हांस दाखवतां येणार नाहीं.

याच प्रकरणांत एक बारीक गोष्ट आहे. गांवीं असतांना जो पिपला मित्राप्रमाणें, मराठींत ‘गड्या’ म्हणावें तशी, हांक मारीत असे. लंडनांत तो मधूनच ‘सर’ म्हणूं लागतो. जरा मोकळा झाला कीं पुन्हां ‘गड्या’ येतें, पुन्हां ‘सर’. इंग्रजींत लहानथोर सर्वांना एकच सर्वनाम असल्यामुळें डिकन्सला हा शब्द योजावा लागला. आमच्या भाषेंत हें काम ‘तूं’ आणि ‘तुम्ही’ यांनींच झालें असतें. शिकलेल्या मुलाशीं बोलतांना खेड्यांतील बापाची जीभ ‘तूं’वरून ‘तुम्ही’कडे केव्हां वळते, हें कान देऊन ऐकणारास मराठींतहि ऐकूं येतें.

आम्ही वसतिगृहांत असतांना आमचे वडील एकदां असेच भेटीस आले. खांद्यावर घोंगडी, हातांत दशम्यांचें गांठोडें. आम्हीं त्यांस खोलीवर नेलें नाहीं. फाटकाबाहेरील चिंचेखालीं बसवून तेथेंच बोलणें उरकलें, आणि खोली झाडावयाची राहिली आहे असें कारण सांगितलें. जातांना ते म्हणाले, “तुम्हांला उशीर होत असेल.” ‘तुला’ म्हणाले नाहींत. त्या दिवशीं तें आमच्या लक्षांतहि आलें नाहीं. पुढें पुष्कळ वर्षांनीं अठ्ठाविसावें प्रकरण वाचलें. त्यांत पिप आपल्या गांवीं जातो, पण जोच्या घरीं न उतरतां खाणावळींत उतरण्याचीं एकामागून एक कारणें स्वतःस सांगत सुटतो. तें वाचतांना खोली झाडण्याची आठवण झाली, आणि पुस्तक मिटून ठेवावें लागलें.

येथें वाचक विचारतील, ‘मग पिप म्हणजे डिकन्सच काय?’ तसें समजूं नये. ‘मी’ हें लेखकानें घेतलेलें सोंग असूं शकतें. हरिभाऊ आपट्यांनीं ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी यमू या स्त्रीच्या तोंडून सांगितली आहे. लिहिणारा पुरुष आहे हें वाचतांना स्मरतहि नाहीं. तरीहि सोंगाच्या आंत एक खरा कंठ असतो, आणि डिकन्सच्या बाबतींत तो कोठून आला हें आपणांस ठाऊक आहे.

1824 सालीं त्याचे वडील कर्जापायीं लंडनच्या मार्शलसी तुरुंगांत गेले. बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांचें काळें पॉलिश तयार करणाऱ्या कारखान्यांत डब्यांवर कागद चिकटविण्याच्या कामास लावलें. मजुरी आठवड्यास 6 शिलिंग. या कामाची त्यास इतकी लाज वाटली कीं ती हकीकत त्यानें हयातींत जगास कळूं दिली नाहीं. 1870 सालीं तो वारल्यावर त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर यानें लिहिलेल्या चरित्रांतून ती बाहेर आली. या आठवणीचा उपयोग त्यानें आधीं ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ (1849–50) मध्यें केला. तेथें वखारींत राबणाऱ्या डेव्हिडवर अन्याय झाला असेंच लेखक मानतो, आणि आपणहि त्या मुलासाठीं हळहळतों. दहा वर्षांनीं ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ लिहावयास बसण्यापूर्वीं, जुन्याच गोष्टी नकळत पुन्हां येऊं नयेत म्हणून, डिकन्सनें ‘कॉपरफील्ड’ पुन्हां वाचून काढलें. आणि या वेळीं त्यानें काय केलें? हातांनीं राबणें ही अपमानाची गोष्ट नव्हे, तिची लाज वाटणें हाच दोष, असें त्यानें पिपकरवीं वदविलें. म्हणजे ज्या भावनेस त्यानें पूर्वीं गोंजारलें होतें तिलाच त्यानें साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें केलें. ग्रंथकाराचा स्वतःचा स्वर आम्ही म्हणतों तो हा. तो जन्मतः मिळत नाहीं, पुष्कळदां तो स्वतःच्या विरुद्ध जाऊन मिळवावा लागतो.

प्रतीकांविषयीं मार्गदर्शक पुस्तकांनीं फार घोटाळा करून ठेवला आहे. ‘धुकें म्हणजे अज्ञान, घड्याळ म्हणजे काळ’ असे कोष्टक पाठ करणें व्यर्थ होय. धुकें हें प्रथम धुकेंच आहे. डिकन्सचें बालपण 1817 ते 1822 पर्यंत जवळच्याच चॅटमला गेलें, आणि उत्तरायुष्यांत तो त्याच भागांत गॅड्स हिल येथें राहत असे. त्या खाजणांवर धुकें पडतें हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. तेथील कूलिंग गांवच्या चर्चच्या आवारांत लहान मुलांचीं तेरा थडगीं आहेत. कादंबरींत पिपच्या भावांचीं पांचच ठेविलीं आहेत. आधीं खरी वस्तु, मग तींतून अर्थ, असा हा क्रम आहे. मिस हॅविशॅमच्या वाड्यांतील घड्याळें नऊस वीस मिनिटें कमी असतां थांबलीं आहेत हें सर्वांस आठवतें. पण तिच्या पायांत एकच बूट आहे, कारण दुसरा घालण्यापूर्वींच नवरदेवाचें नकाराचें पत्र आलें, हा तपशील आम्हांस घड्याळाहून अधिक बोलका वाटतो.

आणि त्याहूनहि खोल प्रतीक हातांचें आहे, कारण तें लपलेलें आहे. बहिणीनें पिपला ‘हातानें वाढविलें’ असें गांव म्हणतो. त्या इंग्रजी प्रयोगाचा अर्थ अंगावरच्या दुधावांचून वाढविलें एवढाच. पण तिचा जड हात आपल्यावर व जोवर सारखा चालतांना पाहून मुलाला तोच अर्थ वाटतो. एस्टेला हंसते ती हातांस. वकील जॅगर्स अशिलांची कामें आटोपल्यावर सुगंधी साबणानें हात धुतो. परत आलेला मॅग्विच दोन्ही हात पुढें करतो तेव्हां पिप मागें सरतो. त्याच मॅग्विचच्या खटल्याच्या वेळीं तो कठड्यांतून त्याचा हात धरून उभा राहतो. पिपमध्यें काय पालट झाला हें डिकन्सला सांगावें लागत नाहीं. दोन ठिकाणचे हात पाहिले म्हणजे पुरे.

शेवटाविषयीं एक गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते. डिकन्सनें प्रथम लिहिलेल्या शेवटांत पिप व एस्टेला लंडनच्या रस्त्यावर भेटून कायमचीं दुरावतात. बुल्वर-लिटन या कादंबरीकार मित्राच्या सांगण्यावरून त्यानें तो बदलला, आणि छापील पुस्तकांत तीं पडक्या वाड्याच्या बागेंत एकमेकांचा हात धरून बाहेर पडतात. कोणता शेवट बरा यावर वाद आहे. आम्हांस पहिला अधिक खरा वाटतो. परंतु आमच्या मतें पुस्तक त्याआधींच, सत्तावनाव्या प्रकरणांत, संपलेलें असतें. पैसा गेला, कर्ज झालें, पिप तापानें बेशुद्ध पडला, आणि डोळे उघडतो तों उशाशीं जो. आजारीपणांत पुन्हां ‘गड्या’ सुरू होतें. पण पिपच्या अंगांत जसजशी शक्ति येते तसतसा जो संकोचूं लागतो, आणि एके दिवशीं पुन्हां ‘सर’ म्हणतो. पिपचें काळीज हलतें. उद्यां सकाळीं सर्व बोलून टाकावें असें तो ठरवितो.

सकाळीं जो निघून गेलेला असतो. न्याहारीच्या टेबलावर एक चिठ्ठी आहे, आणि तिच्यांत पिपचें कर्ज फेडल्याची पावती. गोष्टीच्या आरंभीं जोला छापील मजकुरांतून आपल्या नांवाचीं ‘जे’ आणि ‘ओ’ हीं दोनच अक्षरें ओळखतां येत असत. ही चिठ्ठी त्यानें स्वतःच्या हातानें लिहिली आहे, आणि खालीं सही तीच, दोन अक्षरांची.