देवाशी प्रेमाची भाषा

तोआ पायोहमध्ये आमच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहते. परवा त्यांच्या मुलीचे इंग्रजी उपासनागीत ऐकून आई म्हणाली, ‘‘अगं बाई, हे तर सिनेमातले गाणे! देवाशी असे बोलतात का?’’ मलाही हसू आले.

मग ज्ञानेश्वरांच्या विराण्या आठवल्या. त्यांत देवासाठी झुरणारी विरहिणीच बोलते, आणि आई त्या एकादशीला डोळे मिटून गाते! बायबलातील ‘गीतरत्न’ हेही वधूवरांचे प्रेमगीतच. बाराव्या शतकात फ्रान्समधील संत बर्नार्ड यांनी त्यावर 86 प्रवचने रचली. त्यांत जीव ही वधू आणि ख्रिस्त हा वर.

आपल्या मराठीत रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो. कुणाला देव प्रियकर वाटतो, कुणाला आई; ओढ मात्र एकच.

वाचकहो, हे सारे मी आईला सांगितले. ती काही बोलली नाही. पण रविवारी शेजारी गाणे सुरू झाले, तेव्हा तिने आमचा रेडिओ बंद केला.