बंदुकीचा वाद : घोडं अडलंय कुठे?

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाला की ती बातमी आपल्याकडेही पहिल्या पानावर येते. दोन दिवस चर्चा होते आणि एक प्रश्न हमखास विचारला जातो. एवढा पुढारलेला देश, मग हे लोक बंदुकांवर सरळ बंदी का घालत नाहीत?

प्रश्न साधा वाटतो, पण तो आपल्या चष्म्यातून विचारलेला आहे. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक बाळगायला परवाना लागतो आणि ती कशासाठी हवी हे अर्जदाराला सांगावं लागतं. म्हणजे आपल्याकडे बंदूक ही सरकारने दिलेली सवलत आहे. अमेरिकेत तो घटनेने मान्य केलेला हक्क आहे. तिथे अडवायचं असेल, तर का अडवतो हे सरकारला सांगावं लागतं. हा फरक ध्यानात ठेवल्याशिवाय तिथल्या वादाची गुंतागुंत कळत नाही.

हा हक्क आला कुठून? अमेरिकी राज्यघटनेत १७९१ मध्ये दहा दुरुस्त्या एकदम झाल्या. त्यातली दुसरी दुरुस्ती म्हणजे जेमतेम एक वाक्य आहे. त्याच्या पूर्वार्धात स्वतंत्र राज्याच्या रक्षणासाठी लागणाऱ्या शिस्तबद्ध नागरी सेनेचा, म्हणजे मिलिशियाचा उल्लेख आहे. उत्तरार्धात म्हटलंय, की शस्त्रं बाळगण्याच्या लोकांच्या हक्काला बाधा येता कामा नये. एका बाजूने पूर्वार्ध धरला आणि दुसरीने उत्तरार्ध. अखेर २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. पण निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनीच त्यात बजावून ठेवलं, की हा हक्क अमर्याद नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना बंदूक न देणं, शाळा आणि सरकारी इमारतींत बंदूक नेऊ न देणं, असे नियम घालता येतात.

म्हणजे हक्क आहे आणि नियमही घालता येतात. मग घोडं अडतं कुठे?

पहिली अडचण अनुभवाची आहे. शिकागोच्या एखाद्या वस्तीत राहणाऱ्या आईला बंदूक म्हटलं की रात्री ऐकू येणारे गोळ्यांचे आवाज आठवतात. मोंटानातल्या शेतकऱ्याला बंदूक म्हटलं की वडिलांबरोबरची शिकार आठवते, आणि पोलिस घरापासून किती लांब आहेत तेही आठवतं. दोघंही खरंच बोलतात. पण टीव्हीवरच्या चर्चेत एकाला दुसऱ्याचं बोलणं ढोंग वाटतं. त्यात बंदुकांची संख्याच अशी, की ‘सगळ्या काढून घ्या’ या म्हणण्याला व्यवहारात अर्थ उरत नाही. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये अमेरिकी नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या, म्हणजे लोकसंख्येहूनही अधिक!

दुसरी अडचण शब्दांची. ‘गन कंट्रोल’ म्हटलं की बंदूकवाल्याला वाटतं, हे आपल्या घराची झडती घ्यायला निघाले. ‘गन राइट्स’ म्हटलं की ज्याचं मूल गेलंय त्याला वाटतं, यांना माणसापेक्षा लोखंड प्यारं. गर्भपाताच्या वादातही हेच झालं. एका बाजूने ‘जीवनवादी’ हे नाव घेतलं, दुसरीने ‘निवडवादी’. एकदा पाटी लागली की माणूस प्रश्नाकडे बघत नाही, पाटीकडे बघतो. पण २०२२च्या ऑगस्टमध्ये कॅन्ससमध्ये वेगळं घडलं. हे राज्य रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला. तिथे मतदारांना नेमका प्रश्न विचारला गेला : राज्यघटनेतलं गर्भपाताचं संरक्षण काढून टाकायचं का? सुमारे ५९ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं. नेमका प्रश्न समोर आला, तेव्हा अनेकांनी पक्षाची पाटी बाजूला ठेवली.

तिसरी अडचण संसदेच्या रचनेची. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोनच सदस्य असतात, मग ते पावणेचार कोटींहून अधिक वस्तीचं कॅलिफोर्निया असो की सहा लाखांहूनही कमी लोकांचं वायोमिंग. शिवाय बहुतेक विधेयकांवरची चर्चा संपवून मतदान घ्यायला शंभरपैकी साठ मतं लागतात. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर एप्रिल २०१३ मध्ये एक प्रस्ताव आला. परवानाधारक दुकानात बंदूक घेताना ग्राहकाची पूर्वपीठिका तपासली जाते, तशीच ती जत्रांमधल्या आणि इंटरनेटवरच्या विक्रीतही तपासावी, एवढंच त्यात होतं. पाहण्यांमध्ये बंदूकधारकांसह मोठ्या बहुमताचा याला पाठिंबा होता. सिनेटमध्ये त्याला ५४ मतं मिळाली. बहुमत मिळूनही प्रस्ताव पडला.

हे सगळं ऐकल्यावर वाटेल, की इथे काही हलणारच नाही. पण तसं नाही.

एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार केलं. त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती आणि भारतात जन्मलेले एक प्राध्यापकही होते. पुढे चौकशीत दिसलं, की या मुलापासून त्याच्या स्वतःच्याच जिवाला धोका आहे, असं २००५ मध्येच न्यायालयीन अधिकाऱ्याने ठरवलं होतं. केंद्रीय कायद्याप्रमाणे त्याला बंदूक मिळायलाच नको होती. पण ती नोंद तपासणीच्या यंत्रणेपर्यंत पोहोचलीच नव्हती. इथे वाद हक्काचा नव्हता, हरवलेल्या कागदाचा होता. त्यामुळे राज्यांनी अशा नोंदी पाठवाव्यात म्हणून झालेल्या कायद्याला एरवी कडवा विरोध करणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशननेही पाठिंबा दिला. जानेवारी २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यावर सही केली.

मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डी गावी १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तेव्हा टेक्सासचे रिपब्लिकन जॉन कॉर्निन आणि कनेक्टिकटचे डेमोक्रॅट ख्रिस मर्फी हे सिनेटर वाटाघाटींत पुढे होते. बंदी वगैरे मोठे विषय त्यांनी बाजूला ठेवले. २१ वर्षांखालच्या ग्राहकाची अधिक तपासणी, जोडीदाराला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेल्यांवर निर्बंध, मानसिक आरोग्यासाठी पैसा, अशा नेमक्या गोष्टी धरल्या. महिन्याभरात ६५ विरुद्ध ३३ मतांनी विधेयक सिनेटमध्ये संमत झालं. जवळपास तीन दशकांतला हा बंदुकांविषयीचा सर्वांत महत्त्वाचा केंद्रीय कायदा मानला जातो.

आता एक गोष्ट, जी बातम्यांत फारशी येत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं दगावली. त्यातल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून कितीतरी अधिक माणसं स्वतःच्याच हाताने गेली, आणि चर्चा मात्र चालते ती शाळांमधल्या गोळीबाराची. न्यू हॅम्पशायर राज्यात २००९ मध्ये एका आठवड्याच्या आत तीन अनोळखी माणसांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि काही तासांतच जीव दिला. दुकानदार हादरला. पुढे बंदूकविक्रेते आणि सार्वजनिक आरोग्यातले अभ्यासक एकत्र बसले. खचलेला ग्राहक कसा ओळखायचा, त्याला विक्री कशी टाळायची, घरात कुणी निराश असेल तर बंदूक काही दिवस दुसरीकडे कशी ठेवायची, याची माहितीपत्रकं त्यांनी दुकानांतच लावली. तिथे कुणी कुणाचा हक्क काढून घेतला नाही.

शेवटी दोन माणसांविषयी. आर्कान्सॉचे रिपब्लिकन लोकप्रतिनिधी जे डिकी यांच्या नावाची एक तरतूद १९९६ मध्ये झाली. रोगनियंत्रण केंद्राचा पैसा बंदूक-नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरू नये, असं त्यात होतं. संशोधनावर बंदी नव्हती, पण केंद्राच्या अंदाजपत्रकातून नेमके २६ लाख डॉलर, म्हणजे बंदुकांविषयीच्या संशोधनावर खर्च होणारी रक्कम कापली गेली. सगळ्यांनी काय ते ओळखलं आणि संशोधन जवळजवळ थांबलं. त्या केंद्रात या संशोधनाचं काम पाहणारे डॉ. मार्क रोझेनबर्ग हे डिकींचे विरोधक. पण पुढे दोघं एकमेकांशी बोलू लागले आणि मैत्री जमली. २०१२ मध्ये दोघांनी मिळून वर्तमानपत्रात लेख लिहिला. रस्त्यावरच्या अपघातांचा अभ्यास झाला, म्हणून मोटारींवर बंदी न घालताही असंख्य जीव वाचले, मग बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास का करू नये, असं त्यांचं म्हणणं. डिकी २०१७ मध्ये वारले. संशोधनाला पुन्हा पैसा मिळायला २०१९चा डिसेंबर उजाडला. मधली वीसेक वर्षं फुकट गेली. कोणता उपाय लागू पडतो, हे त्या काळात कळू शकलं असतं.

मोठे वाद असे लगेच मिटत नाहीत. नेमके प्रश्न विचारले म्हणजे सगळं सुरळीत होईल, असंही नाही. पण ‘बंदूक हवी की नको’ या प्रश्नावर अमेरिकेत माणसं फक्त आपापल्या बाजूला जाऊन उभी राहतात. ‘या माणसाच्या हातात, या दिवशी, ही बंदूक कोणत्या वाटेने आली आणि ती कुठे अडवता आली असती?’ असं विचारलं, की एकमेकांचं तोंड न बघणारी माणसंही कामाला लागतात. तिथून पुढची बातमी येईल, तेव्हा आपणही हाच प्रश्न विचारून पाहायला हरकत नाही.