म्हैसूरमध्ये हृदयावरचा उपचार स्वस्त कसा झाला

म्हैसूरच्या विजयनगरमधून निघून गोकुलम ओलांडले की कृष्णराजसागर रस्ता लागतो. या रस्त्यावरच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयाला राजकन्या कृष्णाजम्मण्णी यांचे नाव आहे. महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांची ही बहीण क्षयाने गेली. त्या काळी क्षयावर औषधच नव्हते, त्यामुळे राजघराण्याची श्रीमंतीही तिथे कामी आली नाही. आज त्याच परिसरात जयदेव हृदयरोग संस्थेचे सरकारी रुग्णालय आहे. शहराच्या दुसऱ्या बाजूला, देवनूर भागात, नारायण हृदयालयाचे खासगी रुग्णालय आहे. मुक्त बाजारामुळे उपचार स्वस्त होतात का, या जगभर वाद घातल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला ही दोन रुग्णालये पुरेशी आहेत.

आधी खासगी रुग्णालय पाहू, कारण तिथली करामत खरोखर थक्क करणारी आहे. डॉ. देवी शेट्टी यांनी नारायण हृदयालयाची सुरुवात बंगळूरमध्ये केली. म्हैसूरचे रुग्णालय बांधताना त्यांनी प्रत्येक खर्चाला प्रश्न विचारला. बहुमजली इमारत कशाला? एकमजली बांधली, म्हणजे लिफ्ट आणि खोल पाया यांचा खर्च वाचला. भिंतींचे भाग आधी तयार करून आणले आणि काही महिन्यांत रुग्णालय उभे राहिले. वातानुकूलन शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग यांपुरते ठेवले. वॉर्डांत मोठ्या खिडक्या आणि मोकळी हवा. रुग्णाच्या नातेवाइकांना शुश्रूषेची साधी कामे शिकवली, म्हणजे घरी गेल्यावरही काळजी नीट घेतली जाईल. ज्येष्ठ डॉक्टरांना आदल्या दिवसाच्या जमाखर्चाचा हिशेब रोज मोबाइलवर मिळतो. हा हिशेब रोज समोर असला की कोणता महागडा धागा किंवा गाऊन टाळता येईल, याचा विचार आपोआप सुरू होतो.

यामागचे गणित सरळ आहे. शस्त्रक्रियागृह रिकामे असो वा भरलेले, त्याचा बहुतेक खर्च होतोच. पगारी शल्यविशारदांनी रोज जास्त शस्त्रक्रिया केल्या तर एकेका रुग्णावर पडणारा वाटा कमी होतो, आणि हात सरावलेले असल्याने कामही चोख होते. २०१३ च्या सुमारास या समूहात बायपासचा दर ९५ हजार रुपयांपर्यंत खाली आला होता. हे बाजाराचेच यश आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ही कंपनी २०१६ पासून शेअर बाजारातही आहे.

पण रिकाम्या खाटा भरणारा रुग्ण आला कुठून? इथे यशस्विनी योजनेचा उल्लेख करावाच लागेल. जून २००३ मध्ये ती कर्नाटकात सुरू झाली, आणि तिच्या आखणीत शेट्टी यांचाच पुढाकार होता. सहकारी संस्थेच्या सभासद शेतकऱ्याने महिन्याला ५ रुपये भरायचे, अडीच रुपये सरकार घालणार, आणि शस्त्रक्रियेचा दर रुग्णालयांशी आधीच ठरलेला. पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख सभासद जमले. एकटा शेतकरी रुग्णालयाच्या खिडकीशी भाव करू शकत नाही. सोळा लाखांच्या वतीने बोलणारी संस्था करू शकते. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेतले ठरावीक दर याच तत्त्वावर चालतात.

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मधल्या एका निबंधात हे मूळ दुखणे दाखवून दिले होते: उपचारांच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. आपल्याकडे याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे स्टेंट, हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. छातीत कळ आलेला माणूस टेबलावर पडून चार कंपन्यांचे भाव विचारत नाही. निवड डॉक्टर करतो, पैसे नातेवाईक भरतात. अनेक कंपन्या स्पर्धेत होत्या, तरी औषधी लेप असलेल्या स्टेंटची छापील किंमत सरासरी एक लाख एकवीस हजारांच्या आसपास होती. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने आकडे तपासले, तेव्हा रुग्णालयांच्या पातळीवर ६५४ टक्क्यांपर्यंत नफा आढळला. स्पर्धा होती, पण ती रुग्णासाठी नव्हती, स्टेंट निवडणाऱ्यासाठी होती.

दिल्लीतील वकील बीरेंद्र सांगवान यांनी उच्च न्यायालयात लढा दिला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये, तर साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरली, कर वेगळे. किंमत बांधल्यावर काही विदेशी कंपन्यांनी आपले नव्या पिढीचे स्टेंट भारतातून काढून घेण्याची परवानगी मागितली, हेही खरे. किंमत बांधण्याची किंमतही कुणीतरी मोजतो. तरीही मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण भाव करण्याची ताकद ज्याच्याकडे मुळीच नाही, त्याच्या वतीने तो झाला.

मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीची गोष्ट याच प्रकाशात पाहावी. २००१ मध्ये तिचे प्रमुख डॉ. युसूफ हमीद यांनी एचआयव्हीवरची तिहेरी औषधे वर्षाला सुमारे ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तोवर त्यांचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. त्यामागे उद्योजकाची हिंमत होती, आणि औषधाच्या पदार्थावर पेटंट न देणारा १९७० चा कायदाही होता. स्पर्धेला वाट कायद्याने करून दिली होती.

आता जयदेवकडे वळू. ही कर्नाटक सरकारची स्वायत्त संस्था. डॉ. सी. एन. मंजुनाथ यांनी दीर्घकाळ संचालक असताना आधी उपचार, पैशांचे नंतर पाहू, हा शिरस्ता पाडला. अशा रुग्णालयाचा उपयोग त्यात दाखल होणाऱ्यांपुरता नसतो. शहरात एक विश्वासार्ह सरकारी दर असला की खासगी दराला मोजपट्टी मिळते, आणि रुग्णाला दुसरा दरवाजा. नारायणसारखी काटकसर आणि जयदेवसारखा पर्याय हे दोन्ही एकाच शहरात असणे, हे म्हैसूरकरांचे भाग्य आहे. नुसत्या मुक्त बाजाराने हे घडले नसते, नुसत्या सरकारी हुकुमानेही नाही.

घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली तर बिल नीट वाचा. २०१७ च्या आदेशाप्रमाणे स्टेंटची किंमत, त्याचे नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक बिलात वेगळे दाखवणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. हा तपशील दिसला नाही तर मागून घ्या.