पितळेवर उमटलेले हात

मी शाळेत असताना आमच्या घरी चोरी झाली. देवघराखाली पितळेचा एक डबा असे. त्यात आईने साठवलेले थोडे पैसे आणि आजीची नथ होती. दोन्ही गेले. डबा तेवढा उघडा पडलेला. पोलीस येईपर्यंत आईने तो चिंच लावून लख्ख घासून ठेवला! परक्याचा हात लागलेला डबा देवापाशी ठेवायचा कसा, हा तिचा प्रश्न. हवालदारांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "बाई, चोराची सहीच पुसलीत तुम्ही."

पुढे मी रसायनशास्त्र शिकवू लागलो आणि दरवर्षी ही गोष्ट वर्गात सांगत आलो. पुसले की ठसा गेला, असे माझे ठाम वाक्य असे. २००८ साली ते मला दुरुस्त करावे लागले.

आपल्या बोटांच्या टोकांवर बारीक उंचवटे असतात आणि त्यांवर घामाची छिद्रे. घाम म्हणजे बहुतेक पाणीच. त्यात थोडे मीठ आणि इतर काही द्रव्ये. चेहऱ्याला, केसांना हात लागतो तिथला तेलकटपणाही बोटांवर येतो. आपण वस्तू धरली की या मिश्रणाची नक्षी तिच्यावर उतरते. ती सहसा दिसत नाही. गुळगुळीत धातूवर तज्ज्ञ मऊ ब्रशने बारीक भुकटी फिरवतात. ती ओलसर, तेलकट रेषांना चिकटते. दुसरा उपाय १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानी पोलिसांनी वापरात आणला. तुटलेली कपबशी जोडायचा तो झटपट डिंक, म्हणजे सुपरग्लू, बंद पेटीत तापवायचा. त्याची वाफ ठशाच्या रेषांवर बसून घट्ट होते आणि पांढरी नक्षी उमटते.

पण या दोन्ही युक्त्यांना ठशाचा ओलावा किंवा तेल शिल्लक असावे लागते. बंदुकीतून उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीवर तेच नसते. गोळी भरताना माणूस ती बोटांनी दाबून बसवतो, म्हणजे ठसा तर पडतोच. मग बार उडतो. उष्णता, वायू आणि घर्षण यांपुढे त्या मिश्रणाचे फारसे काही उरत नाही. गुन्ह्याच्या जागी पुंगळी सापडते आणि भरणाऱ्याचे बोट मात्र सापडत नाही, ही तपासातली जुनीच रड.

ब्रिटनमधल्या नॉर्दम्प्टनशायर पोलिसांकडे काम करणारे शास्त्रज्ञ जॉन बाँड यांनी २००८ साली यावर वाट दाखवली. घामातल्या मिठाचा क्लोराइड पितळेला चावतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जिथे रेष टेकली तिथे धातूचा पृष्ठभागच किंचित गंजतो. वरचा घाम पुसला, साबणाच्या कोमट पाण्याने धुतला, तरी हा बदल राहतो. धातू तापवला तर तो आणखी ठळक होतो. बाँड यांनी पुंगळीला सुमारे २,५०० व्होल्टचा दाब दिला आणि तिच्यावरून कार्बनचा लेप असलेले बारीक मणी फिरवले. गंजलेल्या रेषांवर काळी भुकटी धरली आणि ठसा उभा राहिला.

घराघरांतल्या बायकांना हे अर्धेमुर्धे ठाऊक होतेच, असे मला वाटते. घासलेल्या तांब्याला ओल्या हाताने धरले की दुसऱ्या दिवशी बोटांचे काळपट डाग दिसतात, ते यातलेच.

ही काही जादू नव्हे. प्रत्येकाचा घाम सारखा खारट नसतो, त्यामुळे प्रत्येकाचा ठसा असा कोरला जात नाही. गंज न चढणाऱ्या स्टीलला घाम सहसा असा चावतही नाही. आणि ठसा सापडला तरी तो केव्हा उमटला हे त्यावरून कळत नाही. दुकानात काडतुसे मोजून देणाऱ्याचेही बोट त्यावर असू शकते. हे न्यायालयात विसरले गेले तर निरपराध माणूस अडकायचा.

मग आमच्या डब्याचे काय? नुसता फडक्याने पुसला असता, तर आजच्या प्रयोगशाळेला कदाचित काही हाती लागले असते. पण चिंचेतले आम्ल पितळेचा काळवंडलेला थरच विरघळवते, आणि ठसा तर त्या थरातच. हवालदार बरोबर होते.

डबा अजून माझ्याकडे आहे. कित्येक महिन्यांत घासलेला नाही. झाकणावर चार काळसर बोटे दिसतात. माझी की बायकोची, यावर आमचे एकमत झालेले नाही.