निशचा कवट्यांचा मनोरा

दक्षिण सर्बियातल्या निश शहरात, इस्तंबूलकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यालगत एक छोटं प्रार्थनामंदिर आहे. आत पाऊल टाकलं की समोर येतो चौकोनी मनोरा. त्याच्या चारही अंगांना चुन्यात बसवलेल्या माणसांच्या कवट्या, आणि त्याहून कितीतरी जास्त रिकामी खोबणी. या मनोऱ्याचं नाव चेले कुला.

ही डोकी स्टेवान सिंजेलिचच्या माणसांची. रेसावा भागातल्या वोय्स्का गावचा हा सरदार १८०४ साली काराजोर्जेने तुर्की सत्तेविरुद्ध पुकारलेल्या उठावात उतरला. १८०९ मध्ये बंडखोर निश घ्यायला निघाले, तेव्हा चेगर टेकडीवरचा सर्वांत पुढचा मोर्चा त्याच्याकडे होता. फौजेची सूत्रं मात्र भांडखोर हातांत होती. सेनापतिपदावरून मिलोये पेत्रोविच आणि पेतार दोब्रन्यात्स यांचं हाडवैर जुंपलेलं. ३१ मे रोजी तुर्की फौज चेगरवर तुटून पडली आणि दिवसभर लाटेमागून लाट येत राहिली, पण मिलोयेने कुमक पाठवली नाही. शत्रू खंदकात घुसला, तेव्हा सिंजेलिचने दारूच्या साठ्यावर पिस्तूल झाडलं. त्या स्फोटात तो, त्याचे सोबती आणि आत शिरलेले तुर्की शिपाई एकदमच गेले.

मग तुर्की सेनापती हुर्शिद पाशाने मृतांची डोकी सोलवली. कातडी पेंढा भरून सुलतानाकडे गेली आणि ९५२ कवट्यांचा मनोरा निशमध्ये उभा राहिला, येणाऱ्याजाणाऱ्याने धसका घ्यावा म्हणून. पण दहशत बसवण्याचा हा बेत फसला. मेलेल्यांचे नातलग रात्री येऊन आपल्या माणसाची म्हणून एकेक कवटी उकरून नेत आणि रीतसर पुरत. ती रिकामी खोबणी या मायेची खूण आहेत. १८३३ साली फ्रेंच कवी लामार्तीन इथून गेला. सर्बांनी हा मनोरा जपावा, असं त्याने कळकळीने लिहिलं.

१८७८ मध्ये निश सर्बियाकडे आलं, १८९२ मध्ये मनोऱ्याभोवती मंदिर बांधलं गेलं. आज ५८ कवट्या उरल्या आहेत. सिंजेलिचची मानली जाणारी कवटी काचेच्या पेटीत वेगळी ठेवली आहे.

निशला जाणाऱ्याने चेगर मात्र चुकवू नये. तिथे १९२७ साली बुरुजाच्या आकाराचं स्मारक उभारलं आहे. बाकीचे सर्ब मोर्चे शेजारच्याच कामेनित्सा आणि मातेयेवात्स गावांपाशी होते. मदत किती जवळ होती, हे टेकडीवर उभं राहिलं की लगेच ध्यानात येतं.