दुखण्याचा खर्च आणि पाळण्यातले अंतर



खताची पोती किती लागली, बियाणे कितीचे आणले, मुकादमाकडून उचल किती घेतली, हे घरातल्या दोघांनाही तोंडपाठ असते. पण वर्षभरात दवाखान्यावर किती गेले, असे विचारले तर नवरा बायकोकडे पाहतो आणि बायको नवऱ्याकडे. याचे कारण हा पैसा एकदम जात नाही. आज एस.टी.चे भाडे, उद्या सुईचे पैसे, परवा रक्त-लघवीची तपासणी, असा तो झिरपत जातो. मग एखाद्या वर्षी बांधच फुटतो आणि गळ्यातले मणी सोनाराकडे जातात.

हे पत्रक त्या खर्चाविषयी आहे. कुटुंबनियोजनाचे पत्रक हातात पडले की "आता हे ऑपरेशनचं सांगणार" असे मनात येते. ऑपरेशनचेही सांगू, पण मागाहून. आधी हिशेब मांडू.

समजा, एक घर आहे. दीड एकर कोरडवाहू जमीन, बाकी सगळे मजुरीवर. पहिले मूल दहा महिन्यांचे, अजून अंगावर पिते, आणि बाईला पुन्हा दिवस गेले. पहिल्या बाळंतपणात गेलेले रक्त अजून भरून आलेले नाही. सातव्या महिन्यात पाण्याची कळशी उचलताना धाप लागू लागली, पायांवर सूज आली. "गरोदरपणी असं होतंच" म्हणून महिना गेला. तपासणी केली तेव्हा रक्त ७ ग्रॅमच्याही खाली. मग तालुका झाला, जिल्हा झाला, रक्त चढवणे झाले.

सरकारी रुग्णालयात या उपचाराला पैसे पडले नाहीत, हे खरे. पण बाईची मजुरी बुडाली, तिच्यासोबत गेलेल्या नवऱ्याची बुडाली आणि लहान पोर सांभाळायला घरी थांबलेल्या सासूचीही बुडाली. माणशी दिवसाला तीनशे रुपये धरले तर आठ दिवसांचे तिघांचे ७,२०० रुपये झाले. एकही गोळी विकत न घेता!

पुढे मूल वेळेआधी आणि कमी वजनाचे जन्मले. घाबरून खाजगी दवाखान्यात नेले. हातात रोख नाही, म्हणून शेकडा पाचने दहा हजार काढले. शेकडा पाच म्हणजे महिन्याला ५०० आणि वर्षाला ६,००० रुपये नुसते व्याज. मुद्दल जागच्या जागी. बाळ बरे होऊन घरी आले, पण त्या दुखण्याचे व्याज ते चालायला लागले तरी फिटत नाही. इकडे थोरल्याचे अंगावरचे दूध तुटले होते, त्याला हगवण लागली, ते वेगळेच.

हे घर आम्ही कल्पनेने उभे केले आहे. पण तुमच्या आळीत असे एक तरी घर असेलच, नाव तुम्हीच सांगाल.

देशाचे चित्रही फार निराळे नाही. २०१३-१४ साली देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर शंभर रुपयांपैकी चौसष्ट रुपये लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले होते. २०२१-२२ साली हा आकडा एकोणचाळीसवर आला. सुधारणा मोठी आहे, परंतु ज्याच्या घरात बचत नाही त्याला हे एकोणचाळीसही जड जातात. दुखणे श्रीमंतालाही येते. पण तो बँकेतून पैसे काढतो, आपण शेळी विकतो.

जे फुकट आहे ते आधी घ्या

सपाटीवर साधारण पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र असावे, तीस हजारांना (डोंगरात वीस हजारांना) एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा नियम आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, लागले तर रक्त, तिथला आहार, जाण्या-येण्याची गाडी, हे सगळे मोफत आहे. आजारी बाळालाही उपचार मोफत आहेत. गाडीसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ हे नंबर भिंतीवर कोळशाने का होईना, लिहून ठेवा. महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेतले जात नाहीत. नियमात बसणाऱ्या मातेला पहिल्या खेपेला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून तिच्या खात्यात मिळतात. नोंदणी मात्र वेळेत हवी.

आणखी एक. "सलाईन लावा, म्हणजे ताकद येईल" असे आपणच डॉक्टरला म्हणतो. ताकदीच्या नावाने लावलेल्या त्या बाटलीत बहुतेक पाणी, मीठ किंवा साखर असते. ताकद भाकरी, डाळ, पालेभाजी आणि शेंगदाण्यात आहे. मुलाला जुलाब झाले तर जलसंजीवनीची पुडी आणि चौदा दिवस झिंकच्या गोळ्या, दोन्ही आशाताईकडे मिळतात. पण मूल सुस्त पडले, पाणीही पीत नसेल, किंवा श्वास भरभर चालू असेल, तर घरी थांबू नका. तेव्हा जाणेच स्वस्त पडते.

अंतर का ठेवायचे?

जमीन एका हंगामानंतर पड ठेवतात ती आळसाने नव्हे. बाईच्या अंगाचेही तसेच आहे. २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चौपन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. एका बाळंतपणात गेलेले रक्त आणि लोह भरून यायला वेळ लागतो. त्याआधी दुसरे बाळ पोटात आले तर दोघांनाही पुरत नाही. म्हणून एक बाळंतपण झाल्यावर पुन्हा दिवस जाण्याआधी निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दोन मुलांत जवळजवळ तीन वर्षांचे अंतर झाले. तेवढ्यात थोरले चालते-बोलते होते, हाताने जेवते. आईला एकाच वेळी दोन तान्ही सांभाळावी लागत नाहीत.

लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्याव्यात. शौचास काळे होते, त्याला घाबरू नये. चहाबरोबर गोळी घेऊ नये. चहा लोह अंगी लागू देत नाही. या गोळ्या कोनाड्यात पडून राहतात, हे आम्हांला घरोघरी दिसते. म्हणून सासूबाईंनाच सांगणे आहे, की रोज रात्री जेवल्यावर सुनेला गोळीची आठवण करा.

"अजून पाळी आली नाही, मूल अंगावर पितंय, मग दिवस कसे जातील?" हा भरवसा फार धोक्याचा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, रात्रंदिवस फक्त अंगावरच पीत असेल आणि पाळी सुरू झालेली नसेल, या तिन्ही गोष्टी असल्या तरच तो बराचसा खरा. बाळाला वरचे दूध-पाणी सुरू झाले की भरवसा संपला. पाळी येण्याच्या आधीही दिवस जाऊ शकतात.

साधने कोणती?

निरोध सर्वांना ठाऊक आहे. वापरायला सोपा, आणि गुप्तरोगापासूनही वाचवतो. प्रत्येक वेळी वापरला तरच त्याचा उपयोग.

तांबी एकदा बसवली की जातीप्रमाणे पाच किंवा दहा वर्षे काम देते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, दवाखान्यातून घरी येण्यापूर्वीही बसवता येते. ती वर चढून काळजात जाते, असे बायका एकमेकींना सांगतात. गर्भाशयातून काळजाकडे वाटच नाही, मग ती जाईल कशी? पहिले काही महिने पाळीला अंगावरून जास्त जाऊ शकते. म्हणून ज्यांचे रक्त फारच कमी आहे त्यांनी आधी नर्सताईंशी बोलावे.

अंतरा हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा. याने पाळी पुढेमागे होते किंवा बंदही होते. "रक्त आत साचतं" ही समजूत खोटी आहे. मात्र इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात, तेवढे लक्षात ठेवावे. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. माला-एन मात्र रोजची, आणि बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर.

मुले पुरेशी झाली असतील तर ऑपरेशन. इथे पुरुष मंडळींनी थोडे पुढे सरकून ऐकावे. त्याच पाहणीत देशातल्या शंभर विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ अडतीस जणींचे ऑपरेशन झालेले होते. पुरुषांचे प्रमाण हजारात तीन! ऑपरेशन बाईचे पोट उघडून करायचे असते, पुरुषाचे बिनटाक्याचे, पंधरा-वीस मिनिटांचे. तो त्याच दिवशी घरी जातो. "मर्दानगी जाते, नांगर धरवत नाही" ही भीती निराधार आहे. बंद होते ती फक्त बीज वाहणारी नळी. बाकी सारे पूर्वीसारखेच राहते. एकच पथ्य: लगेच गुण येत नाही. तीन महिने निरोध वापरावा आणि मग वीर्य तपासून घ्यावे. हे न सांगितल्यामुळे किंवा न पाळल्यामुळे घरात नाहक संशय शिरतात.

मुलगा होईपर्यंत थांबायचे नाही, असे ठरवून बसलेल्यांना एवढेच सांगायचे, की मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरते. सुनेला दोष देण्यात काही अर्थ नाही.

सक्ती नाही

जुनी माणसे अजून म्हणतात, "तेव्हा धरून नेत होते." १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत नसबंदीसाठी बळजबरी झाली, ही गोष्ट खरी आहे आणि ती चूकच होती. १९५२ साली देशात कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला तो लोकांच्या राजीखुशीने चालावा म्हणून. आज तुमच्या लेखी संमतीशिवाय कोणी ऑपरेशन करू शकत नाही. कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, शंका असेल तर परत या. नियमाप्रमाणे बाईचे वय निदान २२ वर्षे आणि एक मूल तरी वर्षाच्या वरचे असावे लागते. तिच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत नाही, तरी दोघांनी बोलून ठरवलेले बरे. ऑपरेशनही क्वचित फसते. पुढे पाळी चुकली तर "ऑपरेशन झालंय" म्हणून गप्प बसू नका, ताबडतोब दाखवा.

निरोध आणि गोळ्या आशाताईकडे मिळतात. तांबी आणि इंजेक्शनसाठी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे. ऑपरेशनचे वार ठरलेले असतात. तो वार आशाताईला आधी विचारून मगच निघा, म्हणजे एस.टी.चे भाडे आणि त्या दिवसाची मजुरी वाया जाणार नाही.