निकृष्ट कामापुढे गप्प का बसावे?

आज आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या दारात चारचाकी उभी आहे. कोणी ती कर्ज काढून घेतली आहे, तर कोणाचे सारे घरच टॅक्सीवर चालते. गाडीची पुढची काच फुटली की गॅरेजवाला मागेल ते पैसे देऊन आपण नवी बसवून घेतो. मग पहिल्याच पावसात आत पाणी ठिबकते, वेगात शिटीसारखा आवाज येतो. तरी "जाऊ द्या, कोण भांडत बसणार" म्हणून आपण गप्प राहतो.

हे गप्प राहणे जिवावर बेतू शकते. पुढची काच केवळ वारा अडवण्यासाठी नसते. काचेच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून ती फुटली तरी सहसा विखरत नाही. सीलंटने ती चौकटीला घट्ट चिकटवलेली असते. गाडी उलटल्यास छताला तिचा आधार होतो. अनेक गाड्यांत शेजारच्या प्रवाशासमोरची एअरबॅग फुगताना तिच्यावरच टेकते. चौकट साफ केली नाही, सीलंट कमी पडले किंवा ते वाळण्याआधीच गाडी रस्त्यावर आणली, तर काच ऐन वेळी निखळू शकते. जुनी काच काढताना खरवडलेला रंग तसाच झाकला, तर आतून गंज धरतो.

म्हणून गाडी ताब्यात घेताना उजेडात चारही कडा पाहाव्यात. गाडी किती तासांनी चालवावी, हे विचारावे. सीलंट वाळल्यावर वरून पाणी सोडून आत ओल येते का, ते तपासावे. पक्के बिल व कामाची लेखी हमी घ्यावी. दोष दिसताच फोटो काढावेत आणि दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी त्याच गॅरेजला लेखी कळवून पोच ठेवावी. काम विम्यातून झाले असल्यास विमा कंपनीलाही प्रत द्यावी.

दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्कही नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. काच बसवणारी मुले पुष्कळदा आपल्याच वस्त्यांतली असतात. त्यांच्यावर अरेरावी न करता मालकाला जाब विचारावा. त्या मुलांनीही आपल्या हातच्या कामावर कोणाचा तरी जीव अवलंबून आहे, हे विसरू नये. तथागतांनी सांगितलेल्या सम्यक आजीविकेत चोख काम करणे येतेच. दिलेल्या पैशाचे चोख काम मागण्यातही काही गैर नाही.

विद्यार्थी मित्रांनो, घरच्या वडीलधाऱ्यांना असा एक तक्रार अर्ज लिहून द्या. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले ते यासाठीही.

जय भीम!